फोन करण्याआधी इथे शोधा

४ जून

मामी,

नमस्कार. दोन दिवस फोन लावतेय, पण तुमचा नंबर सारखा व्यस्त. तो कोण अडवून ठेवतं, ते आता मला कळलंय. आमचंच ऑफिस! म्हणून हे पत्र. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, कागदावर लिहिलेलं नाकारता येत नाही, असं तू नेहमी म्हणतेस. घे मग कागद.

तर मी मामांच्या जुन्या ऑफिसात, शहराच्या पाणीपुरवठ्यात, कामाला लागले. कॉम्प्युटर आणि नेटवर्क सांभाळायचं. सध्या करारावर. मामा रिटायर होऊन तुम्ही दोघं लेकीच्या गावी राहायला गेलात, पण ते गेलेत असं इथे कुणाला वाटतच नाही. 'मी वस्तादांची भाची' म्हटल्याबरोबर मला खिडकीजवळची खुर्ची मिळाली. मामांना इथे वस्ताद म्हणतात, हे तुला माहीत होतं?

आता माझं दुखणं ऐक. कुठे पाइप फुटला की कंट्रोल रूममधल्या माणसाने त्या भागाचा नकाशा उघडायचा, कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते बघायचं आणि गाडीवरच्या माणसांना कळवायचं. नकाशे सगळे सर्व्हरवर आहेत, सगळ्यांसाठी शेअर केलेले आहेत. आणि कुणालाच सापडत नाहीत. एकाच्या कॉम्प्युटरवर नकाशे 'पी' ड्राइव्हमध्ये दिसतात, तर शेजारच्याच्या 'पी'मध्ये रजेचे अर्ज. आत शिरलं की फोल्डरांची नावं अशी: 'वस्ताद', 'वस्ताद नवीन', 'वस्ताद नवीन खरा', 'मिशी', 'मिशी जुने', 'बाई'. ज्याने नकाशा काढला त्याच्या टोपणनावाने फोल्डर. मिशी कोण, हे आता दोघातिघांनाच आठवतं. माणूस घरी गेला, मिशी सर्व्हरवर राहिली.

त्यामुळे पाइप फुटला की सगळे एकच करतात. मामांना फोन.

साहेबांनी मला पहिल्याच दिवशी बसवून सांगितलं, "सप्टेंबर लागायच्या आत कंट्रोल रूममधल्या सगळ्यात नव्या माणसाला, कुणाला न विचारता, फोन न करता, हवा तो नकाशा सापडला पाहिजे. सापडला तर तुम्ही कायम. नाही तर करार संपला, आणि मी नकाशे छापून परत कपाटात लावतो. कपाट निदान बंद तरी पडत नाही."

मला कायम व्हायचंय, मामी. आई दादाकडे बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपते. पाहुणे आले की तिची उशी कपाटात जाते. मी कायम झाले की दोन खोल्या घेऊन तिला इकडे आणणार.

मामांना विचारून कळव, हे फोल्डर कसे लावावेत?

तुझी,
मुंगी


१० जून

मुंगे,

पत्र मिळालं. अक्षर सुधार. 'नेटवर्क' मला 'नेकटवर' वाचावं लागलं.

फोनचं म्हणशील तर तुझ्या ऑफिसला वेळकाळ नाही. परवा तोंडात घास होता. काल अंगाला साबण. उचलला नाही तर पुन्हा वाजतो, आणि उचलला की पलीकडून, "वहिनी, जरा वस्तादांना विचारता का?" मी विचारते आणि सांगते. दुसरं काय करणार? पाणी वाहून जात असतं.

मामांना तुझ्या फोल्डरांबद्दल विचारलं. म्हणाले, "मी कागदावर काढायचो. कॉम्प्युटरमध्ये पोरांनी टाकलं, पोरांनाच विचार." एवढं बोलून पुन्हा अंगणात गेले. रिटायर झाल्यापासून त्यांनी खुर्च्या बनवायला घेतल्या आहेत. दिवसभर ठोकाठोक. बसता येईल अशी खुर्ची अजून एकही झालेली नाही, पण माणूस खूश आहे.

तेव्हा मीच सांगते. मिशी, बाई, वस्ताद हे काय चाळे आहेत? माझ्या स्वयंपाकघरात डब्यावर 'साखर' लिहिलेलं असतं. 'नणंदेने आणलेली पांढरी वस्तू' असं मी लिहीत नाही. तुझी आई माझ्या घरी येते तेव्हा तिला एकही डबा विचारावा लागत नाही, आणि ती किती धांदरट आहे ते तुला ठाऊक आहे. शहराचे भाग असतील ना? त्यांना क्रमांक असतील? मग भागवार फोल्डर कर, क्रमांकाने नावं दे, आणि ती मिशी काढून टाक. तुझ्या मामांचं नावसुद्धा काढ. ऑफिसचा सर्व्हर आहे, स्मारक नव्हे.

तुझी आई दिवाणावर झोपते हे वाचलं. तुझ्या दादाला मी काही लिहिणार नाही, कारण लिहिलं तर ते तुझ्या आईलाच ऐकावं लागेल. तू कायम हो. दुसरा उपाय नाही.

मामी


२५ जून

मामी,

तू सांगितलंस तसंच केलं, आणि तोंडावर आपटले.

शनिवार-रविवार बसून सगळे नकाशे भागवार लावले. भाग १, भाग २, असे ओळीने. प्रत्येकात नवा नकाशा वर, जुने खाली. इतकं देखणं दिसत होतं की मी त्याचा फोटो काढला. सोमवारी सकाळी ऑफिसात आले तर दारातच गर्दी.

झालं काय, की प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरवर जुन्या फोल्डरचा शॉर्टकट करून ठेवला होता, आणि मी नावं बदलल्याबरोबर ते सगळे एकदम मेले. बरं, भागांचे क्रमांक फक्त बिलांवर छापतात. पाइप फुटल्यावर कुणी 'भाग १४मध्ये फुटला' असं कळवत नाही. कंट्रोल रूममधले सगळ्यात जुने चष्मेकाका मला म्हणाले, "पोरी, आमचं घर पाडून तिथे हॉटेल बांधलंस, आणि आता विचारतेस, खोली आवडली का?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन आले.

साहेब एवढंच म्हणाले, "कपाटाचं माप घ्यायला माणूस बोलावू का?"

तुमचा फोन या आठवड्यात जास्त वाजला असेल, त्याची माफी. पण मामा खरंच वस्ताद! आमच्या कंट्रोल रूममध्ये एक मुलगी नवीन लागली आहे. तिला सगळे 'नवी' म्हणतात. साहेबांची परीक्षा तिच्यावरच होणार. ती सांगत होती, "वहिनी 'थांबा, विचारते' म्हणतात, मागे अंगणातून हातोड्याचे ठोके चालूच असतात, आणि पाचव्या ठोक्याला उत्तर येतं. बरोबर!" खिळा ठोकता ठोकता शहराचं पाणी सांभाळतात मामा. त्यांना सांग, भाचीला जरा उसनी द्या ही हुशारी.

आता काय करू? जुनी नावं परत लावू?

मुंगी


२ जुलै

मुंगे,

सल्ला मी दिला, अंमल तू केलास. दोघींची अक्कल सारखीच निघाली. त्यावर आणखी रडायचं कारण नाही.

जुनी नावं परत लावलीस तर नव्या मुलीला मिशी कळणार नाही. क्रमांक ठेवलेस तर चष्मेकाकांना कळणार नाही. एकाच वस्तूला दोन माणसं दोन नावांनी हाका मारतात, यात जगावेगळं काही नाही. तुला मी मुंगी म्हणते, शाळेत दुसरं नाव होतं, तुझा दादा तिसऱ्याच नावाने चिडवतो. तिन्ही हाकांना तू ओ देतेस. तुझा तो सर्व्हर देऊ शकत नाही का? तुझं शिक्षण कशासाठी झालं?

फोन वाजतो, मी उचलते. माफी कसली मागतेस? कुणाच्या घरी पाणी जावं, कुणाच्या नाही, याची चौकशी आहे. ती महत्त्वाचीच.

मामा ठीक आहेत. तिसऱ्या खुर्चीचा पाय आखूड झाला.

एक विचारायचं होतं. आम्ही तिथून निघाल्यानंतर पाइपांमध्ये फार फेरफार झालेत का? सहज विचारते.

मामी


२१ जुलै

मामी,

आधी चांगलं सांगते, मग वाईट.

तुझ्या 'ओ देतेस' या वाक्याने माझं डोकं चालू झालं. सर्व्हरमध्ये एक सोय असते, ती इथे कुणी वापरलीच नव्हती. फोल्डर कुठेही ठेवा, त्याची एक नोंद करायची. नोंदीत दोन ओळींचं वर्णन लिहायचं, आणि पुढे वाटेल तेवढे शोधशब्द. मग माणसाने 'पी' ड्राइव्ह, सर्व्हरचं नाव, काही लक्षात ठेवायचं नाही. एक चौकोन उघडायचा, मनात येईल तो शब्द लिहायचा, आणि तो शब्द नोंदीत असला की फोल्डर समोर. म्हणजे भाग १४ हे त्याचं शाळेतलं नाव राहू दे, आणि 'मिशी' लिहिलं तरी त्याने ओ द्यावी.

मी प्रत्येक टेबलावर तो चौकोन आणून ठेवला. त्यावर लिहिलं, 'फोन करण्याआधी इथे शोधा'. शोधशब्द म्हणून जुनी टोपणनावं, रस्त्यांची नावं, चौकांची नावं घातली. नवीने करून पाहिलं. बरेच नकाशे पटापट सापडले, काही नाही सापडले. मी तर आईच्या खोलीला पडदे कुठल्या रंगाचे, इथपर्यंत पोचले होते.

आता वाईट. परवा सकाळी बाजाराजवळ पाइप फुटला. चौकोन समोर उघडा होता, तरी चष्मेकाकांचा हात सवयीने फोनवर गेला. तुमच्याकडून उत्तर आलं, जुन्या शाळेच्या कोपऱ्यावरचा व्हॉल्व्ह बंद करा. केला. बाजारातलं पाणी उडतच राहिलं, आणि तिकडे बाळंतिणींच्या दवाखान्याचे नळ कोरडे पडले. टँकर पाठवावा लागला. ती लाइन गेल्या वर्षी वळवली आहे, मामी. नव्या नकाशात ठळक निळ्या रेघेने दाखवलंय. सर्चमध्ये नुसतं 'बाजार' लिहिलं असतं तरी तो नकाशा आला असता.

साहेब खूप चिडले, पण मामांवर नाही. माझ्यावर. म्हणाले, "वस्तादांनी दोन वर्षांपूर्वीचं सांगितलं, त्यांचा काय दोष? वापरणाऱ्याला भरवसा वाटत नसेल तर तुमची सोय म्हणजे भिंतीवरचं चित्र. ऑगस्टअखेर बघू." खरं आहे ते.

मामांना काही सांगू नकोस. त्यांना लागेल. एवढ्या वर्षांत त्यांचं एकही उत्तर चुकलेलं नाही, असं इथे अजून सांगतात.

मुंगी


२६ जुलै

मुंगे,

मामांना लागायचा प्रश्न नाही. उत्तर त्यांचं नव्हतं, माझं होतं.

लांबण लावत नाही. इकडे आल्यावर पहिले काही दिवस मामा फोन घ्यायचे. मग कंटाळले. "झालं माझं ऑफिस," म्हणाले, "आता लाकूड." फोन वाजला की अंगणातून ओरडायचे, "तूच सांग ना, तुला सगळं पाठ आहे." आणि होतं मला पाठ. लग्न करून आले तेव्हापासून ऐकतेय. ऑफिसचा फोन घरात, तो जेवणाच्या टेबलाजवळ. कुठला व्हॉल्व्ह कडक आहे, कुठला डावीकडे फिरतो, पूर्वेच्या टाकीची लाइन कुठे फुटते, सगळं माझ्या कानांवरून गेलंय. कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेली बाई मी, नुसती भाजी परतत ऐकणार होते का?

म्हणून "थांबा, विचारते" म्हणायचं, थोडं थांबायचं, आणि सांगायचं. कुणाला विचारत नव्हते. पाच ठोके मोजत होते.

मी फोनची तक्रार करायचे, ती खोटी होती. साबणाने भरलेल्या हाताने मी धावत जात होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला काही विचारत होतं आणि उत्तराची वाट बघत होतं.

पण दवाखान्यात बायका बाळंत होऊन पडलेल्या आणि नळाला पाणी नाही, हे माझ्यामुळे. लाइन वळवलेली मला माहीत नव्हती. मी तुला फेरफारांबद्दल विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस, मी पुन्हा विचारलं नाही. माहीत नसताना 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं.

सोबतचं पाकीट साहेबांना दे. त्यात हेच थोडक्यात लिहिलंय. तू वाचशील म्हणून चांगलं चिकटवलं आहे. मला वाचवायचा प्रयत्न करू नकोस, आणि चष्मेकाकांनाही काही ऐकावं लागता कामा नये.

आजपासून फोन उचलणार नाही.

मामी


१ ऑगस्ट

मामी,

आधी फोन उचल. निदान माझा तरी. हे पत्र पोचायला तीन दिवस लागणार आणि मला तोपर्यंत धीर नाही, तरी लिहितेय, कारण फोनवर तू मला मध्येच तोडशील.

पाकीट साहेबांना दिलं. उभ्यानेच वाचलं त्यांनी. मग बसले, मग पुन्हा वाचलं. मग कंट्रोल रूममध्ये जाऊन सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. चष्मेकाका म्हणाले, "म्हणजे दोन वर्षं आपण वहिनींच्या हुकमावर शहराचं पाणी फिरवलं?"

साहेब म्हणाले, "आणि एकदाच चुकलं. तुमचं दर आठवड्याला चुकतं." मग माझ्याकडे वळून, "त्यांना कळवा, रागावलेलो नाही. पण यापुढे उत्तर फोनवरून घ्यायचं नाही. कुणाकडूनच नाही. माणसाच्या डोक्यातला नकाशा आपोआप नवा होत नाही."

हे वाचून तू ओठ आवळशील. थांब. पुढे वाच.

मी काल विचार करत बसले होते. नवीला जे नकाशे सापडले नाहीत, ते का सापडले नाहीत? नकाशे तिथेच होते, शब्द चुकीचे होते. मी रस्त्यांची नावं घातली होती, पण घाबरून फोन करणारा माणूस रस्त्याचं नाव सांगतच नाही. तो सांगतो, 'अमक्याच्या मागे', 'तमक्याच्या पुढे'. हे शब्द मला कोण देणार? नकाशात नाहीत. चष्मेकाकांना विचारलं तर ते म्हणतात, "लोक काहीही सांगतात, आपण समजून घ्यायचं." काय समजून घेतात ते त्यांना सांगता येत नाही.

तुझी उत्तरं जुनी झाली, मामी. पण प्रश्न जुने झालेले नाहीत. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलाजवळ तू नुसती उत्तरं ऐकलेली नाहीस, मामा मोठ्याने प्रश्न परत म्हणायचे ना? 'काय म्हणता, कशाच्या मागे?' असं. मला आठवतंय, सुट्टीत मी यायचे तेव्हा. ते प्रश्न मला पाठव. लोक काय म्हणायचे, अगदी तसंच. उत्तर नको.

हे फक्त तुलाच जमेल, आणि मला महिन्याच्या आत हवंय.

मुंगी


६ ऑगस्ट

मुंगे,

'फक्त तुलाच जमेल' वगैरे लाडीगोडी नको. काम सांगितलंस ते पुरे.

आठवतंय तसं लिहिते, तू भाग शोधून घाल.

'मुलांच्या बागेपाशी कारंजं उडतंय, आणि तिथे कारंजं नाहीये.' 'चढावर, जिथे बस धापा टाकते.' 'पिवळ्या इमारतीच्या मागे.' ती इमारत आम्ही तिथे असतानाच राखाडी रंगवली होती, तरी लोक पिवळीच म्हणायचे. 'डॉक्टरीणबाईंच्या गल्लीत.' डॉक्टरीणबाई गल्ली सोडून गेल्या, गल्ली त्यांचीच राहिली. 'ट्रक उलटला होता तिथे.' 'भुताच्या बंगल्यापुढे.' हा शिक्षणखात्यातल्या एका साहेबांचा बंगला होता, त्यांना हे कळलं असतं तर त्यांनी पाण्याचं बिल भरलं नसतं.

बाकीचे वेगळ्या कागदांवर आहेत. दिवसभर काम करता करता आठवतात, तसे लिहिते. मामासुद्धा हातोडा खाली ठेवून आत येतात आणि म्हणतात, "ती बाई आठवते का, जिचा नवरा नळाखाली बसला होता?" काल दोघं जेवताना ठसका लागेपर्यंत हसलो. त्यांना त्या ऑफिसबद्दल इतकं बोलताना मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

फोन पुन्हा उचलायला लागले आहे. पण उत्तर देत नाही. पलीकडचा म्हणतो, "वहिनी, विचारता का?" मी म्हणते, "सर्चमध्ये काय लिहिलंत?" लिहिलेलं नसतंच. मग मी म्हणते, "लिहा. मी धरून आहे." तो लिहितो. सापडलं तर मी फोन ठेवते. नाही सापडलं तर त्याने लिहिलेला शब्द कागदावर उतरवते आणि त्याला सांगते, "आता मुंगीला हाक मारा." असे न सापडलेले शब्दही सोबत आहेत. तुझे चष्मेकाका दर वेळी आधी 'वस्ताद' लिहितात. त्यांना माझा निरोप सांग, वस्ताद सगळ्या शहरभर आहेत, शहराचा कुठला भाग ते लिहा.

तू जेवतेस का वेळेवर? मागच्या पत्रावर बिस्किटाचा चुरा होता.

मामी


२९ ऑगस्ट

मामी,

झाली परीक्षा.

साहेब उद्या घेणार होते. पण पाइपाने त्यांना विचारलं नाही, आजच फुटला. सकाळी चहाच्या वेळी. नवी टेबलावर होती, चष्मेकाका मागे कप धरून उभे, मी कसलीशी केबल लावत टेबलाखाली होते, आणि साहेब नेमके दारात आलेले.

एका म्हाताऱ्या बाईंचा फोन. नवी मोठ्याने म्हणाली, "काय म्हणता? टेलिफोनवाल्यांच्या भिंतीला पाणी लागलंय?"

टेलिफोनवाले आता या शहरात कुठेच नाहीत, मामी. ते ऑफिस बंद होऊन जमाना झाला. नवीचा तेव्हा जन्म तरी झाला होता की नाही कोण जाणे. तिने चौकोनात लिहिलं, 'टेलिफोनवाल्यांची भिंत'. काहीच आलं नाही. रिकामा पांढरा पडदा. टेबलाखालून मला फक्त तिची चप्पल दिसत होती, ती जमिनीवर टकटक करत होती. मी रांगत बाहेर आले.

चष्मेकाकांनी कप ठेवला आणि हात फोनकडे नेला. साहेबांनी नुसती मान हलवली. नको. मी तोंड उघडलं, तर माझ्याकडे बघूनही तीच मान.

नवीने एक श्वास घेतला. 'वाल्यांची भिंत' पुसलं. फक्त 'टेलिफोन' ठेवला. एक फोल्डर आला. एकच. तू पाठवलेल्या प्रश्नांच्या कागदांवरून मी तो शब्द त्या भागाच्या नोंदीत घातला होता, आणि घालताना मला वाटलं होतं, हे कोण शोधणार!

नकाशा उघडला, तिने व्हॉल्व्ह सांगितला, गाडीवरची माणसं म्हणाली, "आलोच." थोड्या वेळाने त्या म्हाताऱ्या बाईंचाच पुन्हा फोन. "थांबलं हो. पण आता माझ्या नळाला कधी येईल?" नवी म्हणाली, "दुपारपर्यंत, आजी," आणि फोन ठेवून रडायला लागली. चष्मेकाकांनी आपला चहा तिला दिला. अर्धा प्यायलेला, पण दिला.

साहेब मला म्हणाले, "कागद घेऊन या, सही करतो." मी म्हटलं, "सर, पहिल्यांदा सापडला नव्हता." ते म्हणाले, "म्हणूनच करतो. पहिल्यांदा सापडला नाही तरी तिने फोन उचलला नाही. तो तिथे असणार, असं तिला वाटलं. मला एवढंच हवं होतं."

मी कायम, मामी! पहिल्या तारखेपासून. दोन खोल्या बघून ठेवल्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर, पण जिना रुंद आहे. आईला फोन केला तर म्हणाली, "माझी उशी मी आत्ताच बांधते."

हे तुझ्यामुळे झालं असं लिहिलं तर तू रागावशील, म्हणून लिहीत नाही.

मुंगी


१२ सप्टेंबर

मुंगे,

अभिनंदन. आईला आणताना तिची औषधं तिच्याच पिशवीत राहू देत, दादाच्या गाडीत नकोत. विसरते ती.

फोन वाजायचा थांबला. चांगलंच झालं. पहिले दोन-तीन दिवस मी मध्येमध्ये उचलून बघत होते, चालू आहे की बिघडला. चालू होता. मामा म्हणाले, "करमत नाही का?" मी म्हटलं, "मला न करमायला काय झालं?" आणि कपाटं आवरायला घेतली. एका दुपारी ती आवरून झाली.

तेव्हा मी आमच्या रस्त्यावरचा दिवा गेल्याची तक्रार करायला इथल्या वीज-ऑफिसात गेले. खिडकीतली मुलगी चांगली, पण तिला आमचा रस्ताच सापडेना. कॉम्प्युटरवर शोधते, मग शेजारणीला विचारते, मग शेजारीण कुणाला तरी फोन लावते. मी ओळखलं. विचारलं, "फोन कुणाला लावताय?" म्हणाली, "आमचे एक जुने सर आहेत, रिटायर झालेत, त्यांना सगळं माहीत असतं."

मी तिथल्या मुख्य बाईंना भेटायचं आहे असं सांगितलं. बसवून ठेवलं, बसले. मग आत जाऊन सगळं समजावलं, नोंद काय, शोधशब्द काय, आणि न सापडलेले शब्द कसे उतरवून ठेवायचे. तुझं पत्र माझ्याबरोबर होतं, त्यातलं वाचूनही दाखवलं. बाई हुशार आहेत, मध्ये बोलल्या नाहीत. कॉम्प्युटरचं काम करायला त्यांच्याकडे एक मुलगा आहे, पण लोक काय म्हणतात ते ऐकून लिहायला कुणी नाही. आठवड्यातून तीन दिवस, सकाळचं. तक्रारींच्या खिडकीशेजारी टेबल देणार आहेत. तुला काही अडलं तर विचारीन, तेव्हा अक्षर नीट काढून उत्तर पाठव.

अर्ज भरताना त्यांनी विचारलं, "आधीचा अनुभव?"

मी म्हटलं, "पाणीपुरवठ्यात होते. घरून काम."

सोमवारी रुजू होते.

मामी